उपऱ्याचा कोट

प्रेमात पडलेल्या माणसाला अक्कल नसते, असं लोक म्हणतात. ते काही खरं नाही. अक्कल असते, फक्त त्या दिवसांत ती बाहेरगावी गेलेली असते. टेलर मास्तरची अक्कल थंडीच्या अखेरीस एका सकाळी दुकानाची पायरी उतरून गेली, ती वसंत लागला तरी परतली नव्हती. त्यापायी एका मानी माणसाला अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्याच्या हौदात बसावं लागलं. पण ते पुढे.

त्या सकाळी मास्तर आपल्या चिंचोळ्या दुकानात एका वकिलाच्या काळ्या पँटला इस्त्री करत होता. एवढ्यात गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले बूट घातलेली एक बाई आत आली आणि म्हणाली, "चाळीस कोट शिवायचेत. लहान."

"लहान म्हणजे? पोरांची वयं काय?"

"काही कालची, काही परवाची," ती म्हणाली आणि काखेतली पिशवी तिने टेबलावर ठेवली. पिशवीतून आधी दोन कान बाहेर आले, मग अख्खं कोकरू आलं. आल्या आल्या त्याने मास्तरच्या गळ्यातली टेप तोंडात धरली.

तिने सांगितलं ते असं. मेंढ्या व्यायला लागल्या होत्या आणि माळावरचा वारा अजून बोचरा होता. अंगावर काही उबदार असलं तर अशक्त कोकरंही तगतात. जुनी ब्लँकेटं बाहेर गाडीत होती. मास्तरने गंभीर चेहरा करून माप घ्यायला सुरुवात केली. छाती झाली, पाठ झाली, गळा झाला. पोटाचं माप चालू असताना कोकराने लहान मुलं करतात ते केलं, आणि नेमकं वकिलाच्या पँटवर केलं. बाई आधी ओशाळली, मग तिला हसू आवरेना. भिंतीला टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत ती हसली. मास्तरने पँटकडे बघितलं, कोकराकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि खलास. पुढे वकील काय काय म्हणाले ते त्याला कधीच नीट आठवलं नाही.

घरात तिला सगळे सरकार म्हणत. शाळेत जायच्या आधीपासून ती मेंढ्यांना, कुत्र्याला आणि प्रत्यक्ष बापाला हुकूम सोडायची, म्हणून तिच्या आत्याने हे नाव पाडलं होतं. मास्तरला ते कळलं तेव्हा त्याने मनातल्या मनात मुजरा करून टाकला.

कोट सगळे शिवून एकदम पोचवता आले असते. मास्तर ते चार-चार करून घेऊन गेला. "फिटिंग बघायला हवं," तो म्हणायचा. कोकरांच्या फिटिंगसाठी एवढी पायपीट करणारा शिंपी त्या भागात आधी झाला नव्हता, पुढेही व्हायचा नाही. तिसऱ्या फेरीला 'अहो मास्तर'चं 'अरे मास्तर' झालं. त्यानंतरच्या एका फेरीत त्याने धीर करून तिला लग्नाचं विचारलं, पण तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे दोनदा विचारावं लागलं.

"मी ही मेंढरं सोडून कुठे जायची नाही," सरकार म्हणाली. "तुला इकडे यायचं तर ये. तुझ्या मशीनला खिडकीशी जागा आहे."

मास्तरला आईबाप आठवत नव्हते. दुकानाच्या जुन्या मालकाने त्याला वाढवला, तोही मशीनच्या पायाशी, चिंध्यांच्या गाठोड्यावर. इकडे ये, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदाच कोणी म्हणत होतं. तो इतक्या घाईने हो म्हणाला की सरकारलाच जरा लाजल्यासारखं झालं.

"पण आबा आहेत," ती म्हणाली. "माझं मी ठरवलंय, ते काही कोणी बदलू शकत नाही. पण तू ताटावर बसलायस आणि आबा तोंड फिरवून बसलेत, हे मला रोज बघवणार नाही. त्यांचं मन तू जिंक."

आबा म्हणजे तिचे वडील. मेंढवाड्याइतकेच रुंद, आणि बोलण्याच्या बाबतीत महाकंजूष. बायको लवकर गेली, मुलगी बहिणीने वाढवली, आणि आबांनी आपलं सगळं बोलणं जणू पुढल्या पिढीसाठी शिल्लक टाकलं. बारा महिने त्यांच्या अंगात एक कोट असायचा. तो आधी त्यांच्या वडिलांच्या अंगात होता. त्याचा मूळ रंग सांगू शकेल असं आता कोणी हयात नव्हतं. त्या कोटाला पाणी कधी लागलं नव्हतं. लोकरीचा, दुधाचा, धुराचा आणि ओल्या कुत्र्याचा वास आधी यायचा, मागून आबा यायचे. त्याचा उजवा खिसा उसवून लोंबत होता. मास्तरची नजर पहिल्याच दिवशी त्या खिशावर गेली आणि बोटं शिवशिवली. "आबा, दोन टाके घालून देऊ का?" त्याने विचारलं. आबांनी त्याच्याकडे असं बघितलं, की जणू त्याने त्यांचा कान कापून मागितला होता.

"कोकरं आयांमागे कुरणात जायला लागेपर्यंत राहा," आबा म्हणाले. "मग बघू, मास्तर. तुम्ही काय कामाचे आहात ते तोवर कळेलच."

आबांच्या मानाने हे व्याख्यानच झालं.

तर असा मास्तर दुकानाला कुलूप लावून माळावर राहायला आला. आणि काय सांगायचं, तो अगदी वेडा झाला! सकाळी दार उघडावं तर कुंपणाकडेचं बर्फ वितळून थेंब थेंब पडत असायचं, त्याखालून कोवळं गवत डोकं काढायचं, आणि मेंढवाड्यातून चाळीस भुकेले गळे एकदम सुरू व्हायचे. दिवसा मेंढ्या कुरणात चरायला जात. कोकरं वाड्यात राहत, संध्याकाळी आया परतल्या की पोटभर पीत. ज्यांना आईचं दूध पुरत नसे त्यांना बाटली. मास्तर एका हातात दोन बाटल्या धरायला शिकला, तिसरी गुडघ्यांत धरायला शिकला, आणि चौथं कोकरू त्याच्या कानाची पाळी चोखत बसायचं, त्यालाही तो नाही म्हणायचा नाही. ऊन उतरायला लागलं की कोकरांच्या अंगात वारं शिरायचं. एक उडी मारायचं, मग सगळीच कुंपणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सुसाट सुटायची, मध्येच चारही पाय उचलून हवेत उडायची, कशाला ते त्यांनाही ठाऊक नसायचं. आपण शिवलेले कोट हवेत उडताना बघून मास्तरच्या अंगातही वारं शिरायचं. एकदा तोही त्यांच्यात धावला आणि तसाच हवेत उडाला. खाली आला तेव्हा समोर आबा उभे होते.

"कंबर सांभाळा," आबा म्हणाले आणि निघून गेले.

आत्या मात्र मास्तरवर खूश होती. घरात बोलायला कोणी नाही म्हणून ती इतकी वर्षं भांड्यांशी बोलायची, आता तिला ऐकणारा मिळाला. तिची तक्रार एकच, ती त्याच्या डोक्याच्या तेलाबद्दल. मास्तर केसांना सुगंधी तेल लावायचा. बाटली कायम खिशात. "अरे, माणूस आहेस की अगरबत्ती?" आत्या विचारायची. "मेंढ्या शिंकतात तू गेलास की!"

कळपात एक मेंढी अशी होती की जिच्यापुढे आबाही जपून वागत. आत्याने तिचं नाव सासूबाई ठेवलं होतं. कोणी जवळ गेलं की मान खाली घालायची आणि धडक. तिचं कोकरू दोन दिवसांचं होऊन मेलं. त्याच सुमारास दुसरी एक मेंढी विताना मेली, आणि तिचं पोर मागे राहिलं. सरकारने त्या पोराचं नाव उपरा ठेवलं. तिने काय केलं, सासूबाईच्या मेलेल्या कोकराच्या अंगावरचा कोट काढला, उपऱ्याच्या अंगावर चढवला आणि त्याला सासूबाईपुढे सोडलं. सासूबाईने कोट हुंगला, पुन्हा हुंगला, आणि मुकाट्याने दूध पाजलं. मास्तर हे सगळं बघत होता. त्याला वाटलं, कापड वाया जाऊ नये म्हणून कोट याला घातला. शिंप्याच्या डोक्यात दुसरं काय येणार?

आणि मग तो दिवस उजाडला. थंडीनंतरचं पहिलं खरं ऊन. लांबच्या उतारावर गवत चांगलं वर आलं होतं, म्हणून सरकार, आबा आणि हवालदार नावाचा कुत्रा सगळ्या मेंढ्या घेऊन तिकडे गेले. जाताना सरकार म्हणाली, "कोकरांना उन्हात सोड आणि नजर ठेव." आत्या ओट्यावर उन्हाला बसली आणि बोलता बोलता झोपली.

मास्तरने कोकरांना उन्हात सोडलं आणि नजर ठेवली. नजर ठेवली हीच चूक झाली. भर उन्हात त्याला आपले कोट पहिल्यांदाच नीट दिसले. दूध सांडून कडक झालेले, शेणाने माखलेले, काड्या अडकलेल्या. त्याच्या हातचं काम! आबांना रोज हे दिसतं, आणि त्यांनी काय म्हणायचं? याने काय शिवलं, पोतेरी? मास्तरने बाह्या वर केल्या.

त्याने पाणी तापवलं. गावातून आणलेला सुवासिक साबण काढला. एकेका कोकराला पकडून त्याचा कोट उतरवला, आणि एक बादली, दोन बादल्या करत सगळे घासघासून धुतले. कुंपणाच्या तारेवर ते रांगेने वाळत घातले. वाळल्यावर, मी खोटं सांगत नाही, त्या माणसाने त्यांना इस्त्री केली. तुटलेले बंद शिवले. आणि कुठला कोट कोणाच्या मापाचा हे त्याला तोंडपाठ असल्यामुळे एकही चूक न करता ते ज्याचे त्याला चढवले. संध्याकाळी चाळीस कोकरं फोटो काढायला उभी केल्यासारखी स्वच्छ उभी होती आणि मास्तर फाटकाशी हात मागे बांधून सरकार आणि आबांची वाट बघत होता.

कोट धुवायचे नाहीत, हे त्याला कोणीच सांगितलं नव्हतं. चहात साबण घालू नका, असं कोणी पाहुण्याला सांगतं का?

मेंढ्या आल्या त्या नेहमीप्रमाणे धावत, कास दुधाने तटतटलेली. कोकरं तिकडून धावली. आणि मध्यावर सगळं थांबलं. पहिल्या मेंढीने आपलं पोर हुंगलं आणि शिंकली. दुसरी शिंकली. तिसरीने पोराला बाजूला सारून पुढचं हुंगलं, तेही तसलंच. मग जो गोंधळ उडाला! चाळीस आया ओरडत पोरं शोधतायत, चाळीस पोरं ओरडत आयांच्या पोटाखाली शिरतायत आणि लाथा खातायत, हवालदार कोणाला हाकायचं ते न कळून स्वतःभोवतीच फिरतोय, आत्या खडबडून उठून "आग लागली का?" म्हणून विचारतेय.

सरकारने एक कोट नाकाशी धरला आणि तिचा चेहराच पडला. "धुतलेस?"

"इस्त्री पण केली," मास्तर म्हणाला.

"अरे देवा. काढ! सगळे काढ!"

सगळ्यांनी मिळून कोट काढले. अंगावरचा साबणाचा वास गेल्यावर आयांनी पोरांच्या शेपट्या हुंगल्या, तिथे घरचा वास शाबूत होता, आणि हळूहळू जो तो आपापल्या ठिकाणी लागला. ओरडा कमी झाला. चोखण्याचे आवाज सुरू झाले. मास्तरचा जीव भांड्यात पडायच्या बेतात होता, तेवढ्यात धप्प असा आवाज आला. सासूबाईने उपऱ्याला उडवलं होतं. तो उठला, परत गेला. तिने परत उडवलं.

"त्याच्या अंगावर तिच्या पोराचा वास होता, मास्तर," सरकार म्हणाली. ती चिडली असती तर बरं झालं असतं. "मेंढी डोळ्यांचं ऐकत नाही, नाकाचं ऐकते. म्हणून तो कोट. अजून थोडे दिवस तिचं दूध पोटात गेलं असतं, की याच्याच अंगाला तिचा वास आला असता. मग कोटाची गरज नव्हती."

मास्तरने तिसऱ्यांदा पडलेल्या उपऱ्याला उचलून घेतलं.

"बाटलीवर जगेल तो," आत्या म्हणाली. "मरत नाही काही."

"जगेल," आबा म्हणाले. "पण बाटलीवरचं पोर कळपाचं होत नाही. जन्मभर माणसांच्या दाराशी घुटमळतं. ना इकडचं, ना तिकडचं." मग ते मास्तरकडे वळले. "मास्तर, उद्या चाऱ्याची गाडी येईल. ती गावात रिकामी परत जाते. ती सुटेपर्यंत सासूबाईने त्याला घेतला, तर राहा. नाही घेतला, तर गाडीत जागा आहे."

"आबा!" सरकार म्हणाली.

"मी माणूस वाईट म्हणत नाही," आबा म्हणाले. "आमच्यातला नाही, एवढंच."

दुसऱ्या दिवशी पहाट फुटल्यापासून मास्तर आणि सरकार सासूबाईच्या मागे लागले. तिला एका कोपऱ्यातल्या छोट्या कप्प्यात उपऱ्यासोबत कोंडलं. तिचंच दूध काढून उपऱ्याच्या शेपटीला चोळलं. सासूबाईने शेपटी हुंगली, तोंड वाकडं केलं आणि उडवला. मग हवालदारला आणून दारात उभा केला. कुत्रं दिसलं की मेंढी पोराला पाठीशी घालते, म्हणे. सासूबाईने पाय आपटला, कुत्र्याला धडक दिली, मग वळून उपऱ्याला धडक दिली, आणि वर मास्तरलाही एक देऊन ठेवली. हवालदार शेपूट घालून निघून गेला आणि दिवसभर कोणाला दिसला नाही.

ऊन वर आलं. लांबून चाऱ्याची गाडी घरघरत येताना ऐकू आली. सरकार फाटक उघडायला गेली. जाताना तिने वळून मास्तरकडे बघितलं, आणि सरकारचे डोळे भरलेले मास्तरने पहिल्यांदाच पाहिले. हुकूम द्यायला तिच्याकडे काही उरलं नव्हतं.

मास्तर पेंढ्यावर बसला. मांडीत उपरा. समोर सासूबाई मान खाली घालून तयार. "घे ना ग बाई," मास्तर म्हणाला. "मी जातो, तो राहू दे. मला सवय आहे, त्याला नाही." सासूबाई पुढे आली, मास्तरच्या डोक्याशी नाक नेलं आणि सणसणीत शिंकली. पुन्हा हुंगलं, पुन्हा शिंकली. मग उपऱ्याला हुंगायला गेली, आणि थबकली. तिला कसलाच वास लागेना. नाकात मास्तरच्या केसांचं तेल बसलं होतं नुसतं.

आणि इथे, हो, अगदी याच क्षणी, मास्तरची अक्कल बाहेरगावाहून परत आली.

जुना वास काही आता मिळायचा नाही, त्याने विचार केला. पण नवा एकच वास सगळ्यांना लावला तर? दोन ठिगळं जुळेनात, तर आख्खं कापडच एका रंगात बुडवायचं. त्याने खिशातली बाटली काढली, बूच दाताने उपटलं आणि अर्धी बाटली उपऱ्यावर ओतली. डोक्यापासून शेपटीपर्यंत चोपडला. मग ओंजळभर तेल घेऊन तो सासूबाईच्या नाकाशी गेला. तिने धडक दिली. मास्तर आडवा, बाटली उपडी, सासूबाईचं तोंड तेलात, मास्तरचं तोंड तेलात, मास्तरच्या छातीवर उपरा. तिघेही एका बाटलीतून काढल्यासारखे झाले.

सासूबाई उठली. तिने आपलं नाक चाटलं. उपऱ्याला हुंगलं. हवा हुंगली. परत उपऱ्याला. जगात आता एकच वास होता आणि तो तिच्या स्वतःच्या नाकावर होता, म्हणजे तो तिचाच असणार! तिच्या पोटातून घोगरा, हळू हुंकार आला. मेंढी तो आवाज फक्त आपल्या नवजात पोराशी बोलताना काढते. उपऱ्याने डोकं तिच्या पोटाखाली खुपसलं. क्षणभर काहीच नाही. मग त्याची शेपटी थरथर हलायला लागली, अशी हलली की तुटून पडते की काय.

"सरकार!" मास्तर किंचाळला. "सरकार! शेपटी! शेपटी बघ!"

सरकार धावत आली, आत्या पीठभरल्या हातांनी धावत आली, चाऱ्याच्या गाडीचा ड्रायव्हर उगाचच धावत आला. सरकारने मास्तरला मिठी मारली, मग तेल लागलं म्हणून ओरडली, मग परत मिठी मारली. आत्या रडत रडत हसत होती आणि ड्रायव्हरला सगळं पहिल्यापासून सांगत होती, वकिलाच्या पँटसकट.

मास्तर कप्प्यातून बाहेर यायला निघाला, तर सासूबाई मागे. तो थांबला, ती थांबली. तिने पुढे होऊन त्याचा कान चाटला आणि तोच हुंकार काढला.

"अगंबाई," आत्या म्हणाली. "हिने तर जुळी धरली!"

झालं होतं तसंच. मास्तर अंगणात गेला की सासूबाई अंगणात, मागून उपरा. तो वळला की ती वळे. एवढ्यात आबा आले. ऊन एवढं होतं की आबांनी वर्षात पहिल्यांदा कोट काढून कुंपणाच्या खुंटावर टाकला होता आणि नुसत्या शर्टात ते कसे अर्धेच वाटत होते. त्यांनी हा सगळा तमाशा बघितला, आणि काही समजायच्या आत काठी उगारून मास्तरकडे निघाले. "मास्तर! मेंढी मोकळी कशाला सो—"

वाक्य तिथेच राहिलं. आपल्या तेलकट, मोठ्या, लाडक्या पोरावर कोणी काठी उगारतंय, हे सासूबाईला सहन होण्यासारखं नव्हतं. ती मान खाली घालून सुटली. आबांची पाठ नेमकी पाण्याच्या हौदाकडे होती.

पाणी इतकं उंच उडालं की आत्याच्या हातांवरचं पीठ धुऊन निघालं.

कोणी हसलं नाही. हसायची छातीच नव्हती कोणाची. आबा हौदात बसले होते, पाणी छातीपर्यंत, काठी तरंगतेय, आणि सासूबाई हौदाच्या काठाशी उभी राहून पुढचा पाय आपटत होती. मग आबांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. सरकारला वाटलं थंडीने. पण आबा हसत होते! इतक्या वर्षांचं साठवलेलं सगळं एकदम बाहेर येत होतं. ते हसले तसे सगळे सुटले, ड्रायव्हर तर चाऱ्याच्या पेंढीवर लोळलाच.

आबांना ओढून बाहेर काढलं. सरकारने झालेला प्रकार सांगितला. आबांनी वाकून उपऱ्याला हुंगलं, नाक मुरडलं.

"तेल आहे हे. दोन दिवसांत उडेल."

"उडू दे ना," सरकार म्हणाली. "तोवर तिचं दूध पोटात गेलेलं असेल. मग त्याच्याच अंगाला घरचा वास येईल. तुम्हीच शिकवलंत मला."

आबांनी मान हलवली. मग त्यांनी मास्तरला खालपासून वर न्याहाळलं. तेलाने निथळणारा, केसांत पेंढा अडकलेला, कान चाटून चाटून लाल झालेला हा माणूस. "आणि याचं काय?" ते म्हणाले.

गाडीचं इंजिन अजून चालूच होतं.

आबा थंडीने कुडकुडत होते, म्हणून आत्याने खुंटावरचा कोट धावत आणून दिला. आबांनी तो घेतला. झटकला. आणि स्वतःच्या अंगावर न घालता मास्तरच्या खांद्यांवर टाकला. बाही सापडेना तेव्हा त्यांनीच त्याचा हात धरून बाहीत घातला, लहान मुलाचा घालतात तसा.

"अंगातून काढायचा नाही," आबा म्हणाले. "आणि खबरदार, धुशील तर."

कोट मास्तरला सगळीकडून मोठा होता. लोकर, दूध, धूर, ओलं कुत्रं, सगळं एकदम त्याच्या नाकात गेलं आणि त्याला दिसेनासं झालं. सासूबाईने कोट हुंगला, तिला काही तो पसंत पडला नाही. सरकारने मात्र जवळ येऊन कॉलरशी नाक नेलं आणि डोळे मिटले.

"अहो, मला कोणाला न्यायचंय का?" ड्रायव्हरने विचारलं.

"जा तू," आत्या म्हणाली. "आणि परत येताना याची मशीन घेऊन ये."

मास्तरने नाक पुसलं ते कोटाच्या बाहीला, आणि कोटाला त्याचं काही वाटलं नाही. उजव्या खिशात हात घातला तर हात आरपार खाली गेला. त्याने आबांकडे बघितलं. आबा हात छातीशी आवळून उन्हात उभे होते, ओला शर्ट अंगाला चिकटलेला, आणि त्यांना घालायला आता काहीच नव्हतं. मास्तरने डोळे बारीक करून त्यांचे खांदे बघितले, मग पाठ, मग बाहीची लांबी.

"जरा ताठ उभे राहा, आबा," तो म्हणाला.

आबा ताठ उभे राहिले.